गुडघ्याचे सांधारोपण आणि नंतरचे सहा आठवडे



आपल्या मूल परिसराचे जीवन धानाच्या बांधीवर उभे आहे. पावसाळ्यात दिवसदिवस चिखलात वाकून रोवणी करायची, नंतर निंदण, दिवाळीच्या आगेमागे धानाची कापणी, भारे वाहणे, चैत्रात मोहफुले वेचणे व त्यानंतर तेंदूपत्ता तोडणे, असे वर्षाचे चक्र आपल्या माता-भगिनींनी पिढ्यान् पिढ्या फिरविले. चूल जमिनीवर, जेवण जमिनीवर, शौचही उकिडवे बसूनच. अशा कष्टाचा हिशेब म्हातारपणी गुडघे मागतात. विहारात वंदनेला येणाऱ्या अनेक वृद्ध उपासिका भिंतीला टेकून उभ्या राहतात, कारण एकदा खाली बसल्यावर उठता येत नाही. हे दृश्य आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे.

गेल्या काही वर्षांत गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया आपल्या भागातील कुटुंबांपर्यंतही पोहोचली आहे. लोक नागपूरला जाऊन शस्त्रक्रिया करून येतात. परंतु कोणी सहा महिन्यांत काठीशिवाय चालू लागतो, तर कोणाचा पाय लाकडासारखा ताठ राहतो आणि "पैसा पाण्यात गेला" असे घरचे म्हणतात. हा फरक का पडतो? सर्जनचे कौशल्य, रुग्णाची आधीची प्रकृती, मधुमेहासारखे आजार ही कारणे आहेतच. पण घरी आल्यावर व्यायाम झाला की नाही, हे त्यातील फार मोठे कारण आहे आणि ते पूर्णपणे आपल्या हातात आहे. म्हणून हा लेख.

गुडघ्यात काय बिघडते ?

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे मिळतात, तेथे दोन्ही हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. पुढच्या बाजूस वाटी असते. वय, वजन, जुनी दुखापत आणि वर्षानुवर्षांचा ताण यांमुळे कूर्चा झिजते, हाड हाडावर घासू लागते, पाय धनुष्यासारखा वाकतो. यालाच सांध्याची झीज किंवा संधिवात म्हणतात. दुखते म्हणून माणूस चालत नाही, चालत नाही म्हणून मांडीचे स्नायू वाळतात आणि स्नायू वाळले की सांध्यावरचा भार आणखी वाढतो. हे एक दुष्टचक्र आहे. कारण शोधावे, म्हणजे दुःखाच्या निवारणाचा मार्ग सापडतो ही तथागतांची पद्धत येथेही लागू पडते.

तथापि प्रत्येक दुखणाऱ्या गुडघ्याला शस्त्रक्रिया लागत नाही. डेन्मार्कमध्ये झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेस योग्य अशा १०० रुग्णांचे दोन गट केले होते. ज्या ५० जणांना फक्त व्यायाम, वजन कमी करणे, योग्य पादत्राणे व औषधे दिली, त्यांपैकी पहिल्या वर्षात फक्त १३ जणांना शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम अधिक पडला हे खरे, परंतु गंभीर गुंतागुंतही त्यांच्यातच अधिक झाली. दुसऱ्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा की, शरीराचे वजन एक किलोने कमी झाले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. म्हणून आधी काही महिने नेटाने व्यायाम करावा. त्यानेही रात्रीची झोप उडत असेल, शंभर पावले चालणे जड जात असेल, तर मात्र शस्त्रक्रियेला भिऊ नये.

कृत्रिम सांध्याची थोडी हकिकत

इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये धातू व प्लॅस्टिक यांचा खुब्याचा यशस्वी सांधा बसविला. १९६८ मध्ये फ्रँक गन्स्टन यांनी गुडघ्यासाठी तसा प्रयत्न केला. १९७४ मध्ये न्यूयॉर्क येथे जॉन इन्सॉल, पीटर वॉकर आणि भारतात जन्मलेले डॉ. चित्तरंजन राणावत यांच्या चमूने जो सांधा तयार केला, त्याच्या धर्तीवर आजचे बहुतेक गुडघे बनतात. याच डॉ. राणावत यांनी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजव्या गुडघ्यावर जून २००१ मध्ये शस्त्रक्रिया केली. त्यावेळी वर्तमानपत्रांतून रोज बातम्या येत आणि महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत या शस्त्रक्रियेचे नाव पहिल्यांदा घरोघरी पोहोचले. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर पाच आठवड्यांनी, जुलै २००१ मध्ये, वाजपेयी आग्रा येथील भारत-पाकिस्तान शिखर बैठकीत वाटाघाटींना बसले होते. अर्थात त्यांच्या सेवेला डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट सदैव हजर होते. आपल्या घरच्या माउलीला ते कोठून मिळणार ? तिचा मुलगा, सून, नातू हेच तिचे साहाय्यक, आणि ते शिकले तर पुरेसे आहेत.

शस्त्रक्रियेत सबंध गुडघा काढून टाकत नाहीत. हाडांची झिजलेली टोके काही मिलिमीटर कापून त्यांवर धातूच्या टोप्या बसवितात आणि मध्ये कठीण प्लॅस्टिकची चकती ठेवतात. स्नायू मात्र आपलेच, जुने, वाळलेले असतात. म्हणजे यंत्र नवे पण बैल तेच, असा हा प्रकार आहे. बैलांना चारा-पाणी देऊन पुन्हा ताकदीवर आणणे याचेच नाव फिजिओथेरपी.

जाण्यापूर्वीची तयारी

पहिली गोष्ट सिकलसेलची. आपल्या विदर्भात बौद्ध समाजात, तसेच गोंड, माडिया, परधान बांधवांत हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. या आजारात मांडीच्या हाडाच्या खुब्याकडील गोलाचा रक्तपुरवठा बंद होऊन तो गोल खचतो आणि त्याची कळ पुष्कळदा गुडघ्यात जाणवते. त्यामुळे गुडघा दुखतो म्हणून फक्त गुडघ्याचाच एक्स-रे काढून थांबू नये, तरुण रुग्णाचा तर नाहीच नाही. सिकलसेल असलेल्या रुग्णाला भूल देताना व शस्त्रक्रिया करताना पाणी, प्राणवायू व रक्त यांची विशेष काळजी घ्यावी लागते. म्हणून स्वतःची तपासणी झालेली असो वा नसो, घरात कोणाला हा आजार असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आपण वाहक असलो तरी सांगावे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली, यावरून त्याचे गांभीर्य ध्यानात यावे.

दुसरी गोष्ट पैशाची. पूर्वी कृत्रिम सांध्याच्या किमतीला धरबंध नव्हता. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाने कमाल किमती ठरवून दिल्या आणि नेहमीच्या प्रकारच्या सांध्यासाठी ५४,७२० रुपये अधिक कर अशी मर्यादा घातली. पुढे या आकड्यांत बदल होत आले आहेत, म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागावी. २०१२ मध्ये गडचिरोलीसह आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. आपली शस्त्रक्रिया योजनेत कोणत्या अटींवर व कोणत्या दवाखान्यात बसते, हे रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन आरोग्यमित्राला आधीच विचारावे. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मूलपासून ते सुमारे ४५ किलोमीटर, तर नागपूर त्याच्या तिपटीहून लांब. निदान सल्ला आणि फेरतपासणी यांसाठी जवळचा दवाखाना पाहावा.

तिसरी गोष्ट वेळेची. रोवणीच्या तोंडावर शस्त्रक्रिया ठरवू नये. घरची सगळी माणसे बांधीत आणि रुग्ण एकटा खाटेवर, वर अंगणात चिखल, अशी स्थिती घातक आहे. धान घरात आल्यावर, थंडीचे दिवस सर्वांत बरे.

चौथी गोष्ट घराची. सैल विणीची बाज चालणार नाही. तीत शरीर खोल जाते व उठताना गुडघ्यावर जोर येतो. लाकडी दिवाण किंवा घट्ट खाट घ्यावी व तिच्या पायांखाली विटा पक्क्या बसवून उंची वाढवावी. हात असलेली मजबूत खुर्ची हवी. शौचासाठी कमोडची खुर्ची विकत वा भाड्याने आणावी. वाटेतल्या सतरंज्या, पायपुसणी उचलून ठेवावीत, न्हाणीतील शेवाळ घासून काढावे आणि रात्री दिवा ठेवावा. मांडीचे व्यायामही शस्त्रक्रियेच्या महिनाभर आधीपासूनच शिकून घ्यावेत, म्हणजे नंतर दुखत असताना नव्याने शिकावे लागत नाहीत.

व्यायाम कोणते व कसे ?

बहुतेक ठिकाणी शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीच रुग्णाला वॉकर धरून उभे करतात. घरच्यांना हे क्रूर वाटते. परंतु पडून राहिल्याने पोटरीच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि सांधा जखडतो, म्हणून उभे करणे हाच उपचार आहे. पुढील व्यायाम साधारणपणे सर्वांना सांगितले जातात. आपल्या डॉक्टरांनी वा फिजिओथेरपिस्टने काही वेगळे सांगितले असल्यास तेच प्रमाण मानावे.

१) घोट्याचा पंप : पाऊल वर-खाली हलविणे. जागेपणी दर तासाला १० ते २० वेळा. याने पोटरीतील रक्त वाहते राहते.

२) मांडी आवळणे : पाय सरळ ठेवून गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबावी, मांडीचा स्नायू आवळून पाच आकडे मोजावेत व सोडावे. १० वेळा.

३) टाचेखाली घडी : टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा अधांतरी सरळ होऊ द्यावा, पाच-दहा मिनिटे. गुडघ्याखाली उशी मात्र कधीही ठेवू नये. उशीने बरे वाटते, पण पाय वाकलेल्या अवस्थेतच आखडतो आणि पुढे जन्मभर लंगडावे लागते.

४) टाच सरकविणे : पाठीवर पडून टाच नितंबाकडे ओढावी, थांबावी, परत न्यावी. पुढे खुर्चीत बसून पाऊल खुर्चीखाली मागे सरकवावे.

५) सरळ पाय उचलणे : दुसरा पाय वाकवून, शस्त्रक्रियेचा पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा, पाच आकडे धरावा.

६) चालणे : दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे, रोज दहा-वीस पावले वाढवीत. वॉकर पुढे, मग शस्त्रक्रियेचा पाय, मग चांगला पाय. टाच आधी टेकावी.

व्यायाम दिवसातून तीन वेळा करावेत. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी अर्धा तास आधी घ्यावी. व्यायामानंतर पाय उंच ठेवून फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा. विटेचा शेक, गरम तेलाची मालीश, झाडपाल्याचा लेप यांपैकी काहीही जखमेवर करू नये. पोटरी तर मुळीच रगडू नये, कारण तेथे गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

पायऱ्यांचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. काठी शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या नव्हे, विरुद्ध हातात धरावी. पुष्कळ लोक नेमके उलटे करतात.

किती वाकला, हे कसे मोजावे ?

येथे आमच्या विद्यार्थी मित्रांना काम आहे. पूर्ण सरळ पाय म्हणजे शून्य अंश आणि काटकोनात वाकलेला पाय म्हणजे ९० अंश, अशी डॉक्टरांची मोजणी असते. रुग्ण बाजूने दिसेल असा मोबाईलवर फोटो काढावा, खुबा-गुडघा-घोटा जोडणाऱ्या दोन रेषा कल्पून कंपासपेटीतील कोनमापकाने मधला कोन मोजावा व तो १८० मधून वजा करावा. आलेला आकडा तारखेसह वहीत लिहावा. आज आजीचा गुडघा ७२ वर, पुढच्या आठवड्यात ८५ वर, असे डोळ्यांनी दिसले की आजीलाही हुरूप येतो आणि आकडा थांबल्यास डॉक्टरांना वेळीच दाखविता येतो.

सपाट जागी चालायला सुमारे ७० अंश पुरतात. जिने चढउतार करण्यास व खुर्चीतून सहज उठण्यास ९० ते १०० आणि सायकलला सुमारे ११० लागतात. साधारणपणे दोन आठवड्यांच्या सुमारास ९० जवळ आणि सहा आठवडे ते तीन महिन्यांत ११० ते १२० पर्यंत पोहोचावे, अशी अपेक्षा असते. त्याचबरोबर पाय शून्यापर्यंत सरळ होणे तितकेच महत्त्वाचे आहे. सहा-आठ आठवडे होऊनही ९० गाठला नाही, तर घरी जोर लावू नये. डॉक्टर भूल देऊन गुडघा वाकवू शकतात, पण तो उपाय पहिल्या तीनेक महिन्यांतच चांगला लागू पडतो. म्हणून "होईल हळूहळू" म्हणत बसू नये.

टाके दोन आठवड्यांच्या आसपास निघतात. वॉकरवरून काठीवर येण्यास तीन ते सहा आठवडे लागतात. सूज तीन ते सहा महिने राहू शकते, जखमेच्या बाहेरच्या बाजूस कातडी बधिर राहते, चालताना टकटक आवाज येतो. याने घाबरू नये. संपूर्ण सुधारणा होण्यास वर्षही लागते. सर्वांना शंभर टक्के समाधान मिळते असेही नाही. सुमारे पाचांत एकाला काही ना काही तक्रार उरते, हे आधीच माहीत असलेले बरे.

याउलट पुढील लक्षणे दिसल्यास रात्र असो की दिवस, दवाखाना गाठावा : ताप व थंडी, जखमेतून पू किंवा पाणी, गुडघ्याची वाढती लाली व आग, पोटरी सुजून दुखणे, आणि एकाएकी दम लागणे किंवा छातीत कळ येणे. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवावी, नाही तर जखम चिघळते. रक्त पातळ ठेवण्याची औषधे सांगितलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण घ्यावीत.

वीणेच्या तारा

व्यायाम किती करावा, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला धम्माच्या इतिहासातच सापडते. सोण नावाचा श्रीमंत घरचा तरुण भिक्खू झाला आणि चंक्रमण करता करता त्याचे तळपाय फुटून रक्त आले. निराश होऊन तो घरी परतण्याचा विचार करू लागला. तेव्हा तथागतांनी त्याला, तो पूर्वी वीणा वाजवीत असे याची आठवण करून देऊन विचारले की, तारा फार ताणल्या तर सूर निघतो काय, आणि फार सैल सोडल्या तर ? सोणाला उमगले. आमच्या मते गुडघ्याच्या व्यायामाला याहून चांगला दाखला नाही. व्यायाम करताना ओढ बसणार, दुखणार. ते दुखणे अर्ध्या-एक तासात शमले तर ताण योग्य. दुसऱ्या दिवशी सूज दुप्पट झाली तर तार जास्त ताणली गेली. आणि काहीच जाणवत नसेल तर तार सैल आहे.

नातेवाईकांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. हगवणीने मलमूत्रात पडलेल्या, कोणी न विचारलेल्या भिक्खूला स्वतः भगवान बुद्धांनी आनंदासह धुऊन पुसून खाटेवर निजविले, ही विनयातील हकिकत आपण जाणतो. सेवा म्हणजे रुग्णाला जागचे हलू न देणे नव्हे. पाण्याचा तांब्या हातात देण्याऐवजी तो चार पावलांवर ठेवून, सोबत चालत, तिला स्वतः घेऊ देणे ही खरी सेवा. आपल्याकडे मुले प्रेमापोटी आईला उठू देत नाहीत आणि त्या प्रेमानेच तिचा पाय आखडतो.

विहारात काय करावे ?

कृत्रिम गुडघ्यावर उकिडवे बसणे, मांडी घालणे व गुडघे टेकणे सहसा टाळावयास सांगतात. त्यामुळे पंचांग प्रणाम घालता येत नाही, म्हणून काही उपासिका विहारात येणेच सोडून देतात. हे योग्य नाही. ऑक्टोबर १९५६ मध्ये बाबासाहेब दीक्षा समारंभास आले ते हातात काठी आणि सोबत्याच्या खांद्याचा आधार घेऊनच. पायांच्या दुखण्याने त्यांची दीक्षा अडली नाही, तर आपली वंदना का अडावी ? खुर्चीवर बसून हात जोडले तरी वंदनाच होते, ध्यानही होते. प्रत्येक विहारात दहा-वीस भक्कम खुर्च्या पुढच्या रांगेत असाव्यात, पायऱ्यांना कठडा असावा, अशी आमची विनंती आहे.

याच्या जोडीला सदस्यांनी तीन कामे हाती घ्यावीत असे आम्ही सुचवितो. एक, वॉकर, काठ्या व कमोडच्या खुर्च्या जमवून त्या गरजूंना वापरण्यास देणे. ज्यांचे काम झाले त्यांच्या घरी त्या कोपऱ्यात धूळ खात असतात. दोन, शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीच्या घरी सहा आठवडे रोज एका तरुणाने वा तरुणीने अर्धा तास जाऊन व्यायाम करवून घेणे व वही भरणे. तीन, ज्यांना अजून शस्त्रक्रिया लागलेली नाही त्यांच्यासाठी आठवड्यातून दोनदा मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सामूहिकपणे घेणे. या तिन्ही कामांना मोठा निधी लागत नाही, माणसे लागतात.

२०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलिया व फिनलंड येथील नोंदींच्या आधारे आलेल्या अभ्यासानुसार संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षे टिकतात. म्हणजे साठीत बसविलेला सांधा बहुतेकांना आयुष्यभर पुरतो. पंचवीस वर्षांच्या चालण्यासाठी सहा आठवड्यांचे कष्ट, हा सौदा महाग नाही. ज्या हातांनी आपल्या ताटात भात वाढला आणि ज्या पायांनी चिखल तुडवून आपल्याला शाळेत धाडले, ते पाय पुढच्या १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर आपल्यासोबत चालत यावेत, एवढीच आमची मंगल कामना.

जय भीम ! नमो बुद्धाय !